दसरा ते आषाढ: पुण्यात राहून पॅरा एसएफच्या प्रोबेशनची तयारी

दम आठ-दहा आठवड्यांत वाढतो, स्नायू तीन महिन्यांत धरतात. हाडांना आणि कंडरांना मात्र त्याहून बराच जास्त वेळ लागतो. पॅरा स्पेशल फोर्सेस (एसएफ) म्हणजे सैन्याच्या हवाई छत्रीने उतरणाऱ्या कमांडो पलटणी; त्यांच्या तयारीतली निम्मी गडबड या एवढ्या फरकातून होते. दम वाढलेला असतो, म्हणून पोरगा पिठ्ठूत, म्हणजे पाठीवरच्या फौजी पिशवीत, वजन टाकत सुटतो आणि संक्रांतीच्या आसपास नडगीला तडा घेऊन घरी बसतो. खालची सगळी आखणी हाडाच्या वेगाने केली आहे. ती संथ वाटली तर बरोबर चालली आहे असं समजा.

आधी रस्ता कुठून जातो ते

सैन्यात ‘कमांडो’ म्हणून थेट भरती होत नाही. तसं सांगून फी मागणारी अकॅडमी दिसली तर पुढच्या बसने घरी या. जवान म्हणून जायचं तर अग्निवीर भरती: आधी ऑनलाइन परीक्षा, मग मैदान, मग मेडिकल. पुण्याच्या सैन्य भरती कार्यालयाकडे पुण्यासोबत अहिल्यानगर, बीड, लातूर, धाराशिव आणि सोलापूर हे जिल्हे येतात. भरतीनंतर प्रशिक्षण आणि मग स्वेच्छेने पॅरासाठी नाव देणं. प्रोबेशन, म्हणजे निवडीआधीची कसोटी, पलटणीतच होतं आणि ते अनेक महिने चालतं. नापास झालेला माणूस आपल्या मूळ जागी परत जातो. याला तिथे ‘आरटीयू’ म्हणतात. पास झालेला आग्र्याच्या पॅराट्रूपर्स ट्रेनिंग स्कूलमध्ये पाच उड्या मारतो, त्यातली एक रात्रीची.

अधिकारी म्हणून जायचं तर एनडीए (बारावीनंतर) किंवा सीडीएस (पदवीनंतर) ही लेखी परीक्षा, मग एसएसबी ही मुलाखतीची निवड फेरी, मग अकादमी, आणि तिथून पुढे पुन्हा स्वेच्छा आणि पुन्हा प्रोबेशन. एनडीए खडकवासल्याला आहे याचा पुणेकराला परीक्षेत काडीचा फायदा नाही; सुदान ब्लॉकचा घुमट लांबून दिसतो, इतकंच.

बाकीच्या वाटा थोडक्यात. मार्कोस १९८७ मध्ये उभी राहिली, तिच्यात फक्त नौदलातले लोक जातात. गरुड २००४ चे, हवाई दलाचे. एनएसजी, म्हणजे राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दल, १९८४ चं. तिथे सैन्यातून आणि पोलीस दलांतून प्रतिनियुक्तीवर माणसं येतात, थेट भरती नाही. महाराष्ट्र पोलिसांची फोर्स वन २६/११ नंतर, २०१० मध्ये उभी राहिली आणि गडचिरोलीचं सी-६० पथक १९९० पासून आहे. या दोन्हींचा दरवाजा पोलीस भरतीतूनच उघडतो. शरीराची तयारी मात्र सगळीकडे सारखीच लागते.

मराठी मुलांना ही वाट परकी नाही. डिसेंबर १९७१ मध्ये बांगलादेशच्या युद्धात टांगाईलला हवाई उडी मारणारी २ पॅरा मूळची मराठा पलटण. २१ पॅरा एसएफ तर १९९६ पर्यंत २१ मराठा लाइट इन्फंट्री होती. साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक मूळचे याच पलटणीचे. २०१५ मध्ये कुपवाड्यात ४१ राष्ट्रीय रायफल्सचं नेतृत्व करताना त्यांना वीरमरण आलं. खडकीच्या बॉम्बे सॅपर्सचीही स्वतःची पॅराशूट फील्ड कंपनी आहे, क्रमांक ४११.

घाम गाळण्याआधी मेडिकलमध्ये अडकेल असं काही आहे का ते पाहून घ्या. सपाट तळवे, गुडघे एकमेकांना लागणं, व्हॅरिकोसील (अंडकोषाच्या फुगलेल्या शिरा), कानाचा पडदा, दात, नजर, रंगांधळेपणा, हे सगळं एखादा चांगला डॉक्टर अर्ध्या तासात सांगतो. गोंदण असेल तर ते कोपरापासून मनगटापर्यंतच्या आतल्या बाजूला किंवा पंजाच्या मागच्या बाजूलाच चालतं. दंडावर वाघ काढून घेण्याआधी हे वाचलेलं बरं.

मैदान: सोळाशे मीटर आणि बीम

यात गूढ काही नाही, म्हणून लवकर उरकू. १.६ किलोमीटर ५ मिनिटं ३० सेकंदांत आलात तर पूर्ण ६० गुण. बीमवर १० पुल-अप काढलेत तर ४०. नऊ फुटी खड्डा आणि झिगझॅग बॅलन्स नुसते पास व्हायचे असतात. चारशे मीटरच्या ट्रॅकवर ५:३० म्हणजे प्रत्येक फेरी साडेब्याऐंशी सेकंदांची. बहुतेक मुलं गर्दीच्या रेट्यात पहिली फेरी सत्तर सेकंदांत काढतात आणि तिसऱ्या फेरीत ढेपाळतात. म्हणून आठवड्यातून एकदा ४०० मीटरच्या सहा ते आठ फेऱ्या, प्रत्येक ८० ते ८२ सेकंदांत, मध्ये दीड ते दोन मिनिटं चालणं. पहिली आणि शेवटची फेरी सारख्या वेळात आली तरच सराव झाला असं धरा.

बीमला झोका देऊन काढलेले पुल-अप मोजत नाहीत. दहा निघत नसतील तर खुर्चीवरून वर जा आणि पाच सेकंद मोजत सावकाश खाली या. असे पाच, तीनदा, दिवसाआड. दोरी चढायला पुण्यात मल्लखांबासारखा गुरू नाही. दोरीचा मल्लखांब शिकवणारी तालीम जवळ असेल तर जिमची फी वाचवा. पायाच्या अंगठ्यात दोर धरायची सवय लागली की हातांचं निम्मं काम कमी होतं.

एका दिवसात हजार बैठका, पाचशे जोर असले पैजेचे प्रकार करू नका. सवय नसताना स्नायूंवर असा मारा झाला की स्नायूंचे तंतू तुटून त्यांतला पदार्थ रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडं तुंबतात. अंग नुसतं दुखत नाही, दगडासारखं घट्ट होतं आणि लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची होते. तो रंग दिसला की झोपून राहायचं नाही, त्याच दिवशी इस्पितळ गाठायचं.

वर्षाची आखणी

दसऱ्याला सुरुवात करावी, याला मुहूर्तापेक्षा हवामानाचं कारण मोठं आहे. पाऊस ओसरलेला, टेकड्यांवरची माती अजून मऊ, पहाटे गार.

दसरा ते संक्रांत: पाठीवर काही नाही. आठवड्यातून चार दिवस धावणं; त्यातले तीन दिवस इतक्या सावकाश की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता यावं, आणि एक दिवस वरच्या ४०० मीटरच्या फेऱ्या. सुरुवात आठवड्याला १५ ते २० किलोमीटरने, वाढ दर आठवड्याला दहा टक्क्यांच्या आत, आणि दर चौथ्या आठवड्यात पुन्हा निम्म्यावर. हा चौथा आठवडा सगळे गाळतात आणि तिथेच हाड मोडतं. ताण पडल्यावर हाड आधी थोडं झिजतं आणि मग नव्याने भरून येतं. भरायला सवड मिळाली नाही तर झीजच साचत जाते. धावायला डांबर आणि सिमेंट टाळा. तळजाईची वनातली वाट, वेताळ टेकडीवरचा खाणीकडचा पट्टा, विद्यापीठाच्या आवारातले मातीचे रस्ते आहेत ना.

याच काळात आठवड्यातून दोनदा पायऱ्या. पर्वतीच्या १०३ पायऱ्या यासाठी उत्तम: दहा फेऱ्या चालत वर, चालत खाली. उतरताना उड्या मारत येऊ नका. चढण दम काढते, पण गुडघा उतारावर जातो.

संक्रांत ते पाडवा: आता पिठ्ठू. शरीराच्या वजनाचा दहावा हिस्सा घेऊन सुरू करा. ६० किलोचा मुलगा असेल तर ६ किलो. आठवड्यातून एकच दिवस, ५ किलोमीटर, सपाटीवर, किलोमीटरला १२ मिनिटं. दोन आठवड्यांनी अंतर ७, मग ९. अंतर वाढलं त्या आठवड्यात वजन वाढवायचं नाही, वजन वाढलं त्या आठवड्यात अंतर आणि चढ तसेच ठेवायचे. वजनाची पायरी दोन किलोची. पाडव्यापर्यंत १० ते १२ किलो आणि १२ किलोमीटर झाले तर भरपूर झालं.

पाडवा ते पहिला पाऊस: वजन हळूहळू १५ ते १८ किलोपर्यंत, आठवड्यातून एक मोठी चाल आणि एक छोटी. शरीराच्या वजनाच्या एक तृतीयांशाच्या वर घरच्या सरावात जाऊ नका. पुढे त्याहून जास्त उचलावं लागेल, पण ते तिथे, त्यांच्या डॉक्टरच्या नजरेखाली. वजन घेऊन धावणं शक्यतो टाळाच. टाचा उंच उचलत पळण्याऐवजी पाय जमिनीलगत ठेवून भरभर टाकायची घसटती चाल शिका. ती जमली की १५ किलो घेऊन ५ किलोमीटर ४५ मिनिटांत पार पडतात आणि नडगीला हादरा बसत नाही.

चढासाठी वेताळ टेकडीच्या माथ्यापर्यंत साधारण दोनशे मीटर उंची मिळते. तीन फेऱ्या म्हणजे आतकरवाडीतून सिंहगड चढण्याइतकं काम. आतकरवाडीची वाट जेमतेम तीन किलोमीटरची, पण सुमारे सहाशे मीटर उंच नेते. तिथे शनिवार-रविवारी जाऊ नका. पिठलं-भाकरीसाठी निघालेल्या कुटुंबांमधून पिठ्ठू घेऊन वाट काढणं म्हणजे वेगळीच परीक्षा, आणि ती कुणी घेत नाही.

पाऊस लागल्यावर वजन पुन्हा १२ किलोवर आणा आणि ओल्या पायांनी चालायला शिका. कात्रज ते सिंहगड ही तेरा टेकड्यांची रांग या टप्प्याची मोठी चाल. वाटेत पाण्याची सोय नाही, निसरड्या उतारांना धरायला झाड नाही, धुक्यात एक सोंड (डोंगराची खाली उतरत जाणारी धार) चुकली की भलत्याच खोऱ्यात उतरता. तिघांपेक्षा कमी जणांनी जाऊ नये, आणि घरी परतीची वेळ लिहून ठेवावी. विजा असतील त्या दिवशी रांगेवर जायचंच नाही.

पिठ्ठू भरणं

लोखंडी प्लेट किंवा डंबेल पिठ्ठूत टाकू नका. ते तळाशी घरंगळतं, कमरेवर आपटतं आणि पाठीला भोक पाडतं. वाळू घ्या. दोन-दोन किलोच्या जाड प्लॅस्टिक पिशव्या भरा, चिकटपट्टीने घट्ट गुंडाळा, किराणा दुकानाच्या काट्यावर वजन करून वर आकडा लिहा. अंदाजाने भरलेले ‘दहा किलो’ बहुधा सात असतात, नाहीतर तेरा.

पिठ्ठूच्या तळाला जुनी गोधडी घाला, म्हणजे वजन आपोआप वर येईल. वाळूच्या पिशव्या पाठीला चिकटून, खांद्याच्या पात्यांच्या उंचीवर. पोकळी कपड्यांनी ठासा. हलवून पाहिल्यावर आवाज आला नाही पाहिजे. वजन पाठीपासून चार बोटं लांब गेलं की माणूस पुढे वाकतो आणि कंबर धरते. पट्टे इतके आवळा की पिठ्ठू पाठीला चिकटेल, पण काखेत बोट जाईल. चालताना हाताला मुंग्या आल्या किंवा पंजाची पकड ढिली पडली तर थांबा, पिठ्ठू उतरवा. खांद्यावरून हाताकडे जाणारी नस पट्ट्याखाली चेपते आहे. तसंच रेटलं तर हात आठवडेच्या आठवडे अशक्त राहतो.

आता टेकडीसाठी एक युक्ती. एकूण वजनातले चार-पाच किलो पाण्याच्या बाटल्यांत न्या. माथ्यावर पोचलात की ते पाणी टेकडीवरच्या रोपांना घाला आणि हलके होऊन उतरा. चढाचा व्यायाम पूर्ण, गुडघ्यांची सुटका, आणि रोज सकाळी कॅन वाहणारे टेकडीवरचे आजोबाही खूश.

नडगी

नडगी दुखणं सगळ्यांना होतं. प्रश्न एवढाच, की ते कुठलं दुखणं आहे. नडगीच्या आतल्या कडेवरून अंगठा दाबत खाली न्या. चार-पाच बोटं लांबीची पट्टी दुखत असेल, सुरुवातीला दुखून अंग तापल्यावर कमी होत असेल, तर ती हाडाच्या आवरणाची सूज. दोन आठवडे धावणं बंद, सायकल किंवा पोहणं चालू, पोटरीचे व्यायाम, मग निम्म्या अंतरापासून पुन्हा.

पण अंगठ्याएवढ्या एकाच जागी जीव जातो, त्या एका पायावर उडी मारवत नाही, रात्री पडल्या-पडल्याही ठणकतं, तर तडा गेला असं समजून वागा. यात सर्वांत जास्त फसवतो तो एक्स-रे. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत तो बहुधा स्वच्छ येतो, मुलगा ‘काही नाही’ म्हणत पुन्हा पिठ्ठू चढवतो आणि केसाएवढा तडा आरपार जातो. अशा वेळी हाडांच्या डॉक्टरला ‘वजन घेऊन चालतो’ हे आपणहून सांगा आणि एमआरआयची गरज आहे का ते विचारा. साधा तडा सहा ते आठ आठवड्यांच्या विश्रांतीत भरतो. मांडीच्या सांध्यात, जांघेत खोल दुखत असेल तर तेवढीही वाट पाहू नका. तिथला तडा सरकला की ऑपरेशन होतं आणि सैन्याचा विषय संपतो.

वेदनाशामक गोळी खाऊन चाल पूर्ण करणं ही पुण्यातल्या कितीतरी मैदानांवरची प्रथा आहे. गोळी दुखणं झाकते, तडा झाकत नाही. वर ती उन्हात, कमी पाण्यावर घेतली तर मूत्रपिंडांनाही ताप.

हाडाला कच्चा माल लागतो. नाचणीत कॅल्शियम भरपूर, तिळात आहे, दूध-दही आहेच. ड जीवनसत्त्व मात्र ताटातून फारसं येत नाही आणि पहाटेच्या अंधारात पळून सूर्य दिसत नाही. रक्त तपासून घ्या, सोबत हिमोग्लोबिनही. पोट कमी करायचं म्हणून याच महिन्यांत जेवण तोडू नका. उपाशी शरीर हाडाची डागडुजी सगळ्यात आधी बंद करतं.

पाय

बूट संध्याकाळी घ्या, पाय फुगलेले असतात तेव्हा, आणि ज्या मोज्यांत चालणार तेच घालून. पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, टाच मात्र उचलली जाता कामा नये. दुसऱ्याने वापरलेले स्वस्तातले बूट नकोत. त्यांचा तळवा त्या माणसाच्या पायाला बसलेला असतो. नवे बूट आधी आठवडाभर घरात, मग बिनवजनाच्या चालीत, मगच पिठ्ठूसोबत.

आत पातळ नायलॉनचा मोजा, वर जाड लोकरीचा. घर्षण दोन मोज्यांमध्ये होतं, कातडीवर नाही. सुती मोजा घाम धरून ठेवतो आणि कातडी भिजवून सोलतो. नखं सरळ रेषेत कापा, कोपरे गोल करू नका, आणि चालीच्या आदल्या रात्री नाही, तीन दिवस आधी.

फोड येण्याआधी त्या जागी चटका बसल्यासारखं वाटतं. तेव्हाच थांबा. दोन मिनिटं जातील, पण पुढचे चार दिवस वाचतील. जागा कोरडी करा, कागदी सर्जिकल टेप सुरकुती न पडता लावा, नाडी टाचेपाशी आवळा. गट पुढे जातोय म्हणून न थांबणारा मुलगा पुढच्या थांब्यावर लंगडत येतो आणि तेव्हा त्याच्यासाठी सगळ्यांना थांबावं लागतं. फोड आलाच आणि त्यावर भार येत असेल तर साबणाने धुवा, ज्योतीवर धरून थंड केलेल्या सुईने कडेला दोन ठिकाणी टोचा, पाणी दाबून काढा, पोव्हिडोन आयोडीन लावा. वरची कातडी काढू नका. तिच्याइतकी चांगली पट्टी दुकानात मिळत नाही. फोडात रक्त असेल तर हात लावू नका. भोवती लाली पसरली किंवा ताप आला तर डॉक्टर.

पावसाळ्यात चिखल्या. बोटांच्या बेचक्यांत कातडी पांढरी पडून फाटते, वरून बुरशी बसते. दर थांब्याला मोजे काढून पाय पुसणं, कोरडा जोड घालणं आणि ओला जोड पोटाशी शर्टाच्या आत वाळवणं, एवढा एक नेम पाळला तर फारसं काही होत नाही. चालीआधी पावडर, घरी आल्यावर बुरशीचं मलम. रात्री पाय उघडे.

ऊन आणि पाणी

एप्रिलमध्ये पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो. उन्हाची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात, म्हणून त्या दिवसांत अंतर निम्मं करा आणि रोज थोडा वेळ उन्हात चाला. मोठी चाल पहाटे पाचला सुरू करून नऊच्या आत संपवा. ताप, जुलाब किंवा रात्रीचं जागरण असेल त्या दिवशी सुट्टी. उष्माघात धडधाकट मुलांना बहुधा अशाच दिवशी गाठतो.

ओळखायचं कसं? घाम येतोय की नाही यावर जाऊ नका. व्यायामातल्या उष्माघातात अंग घामाने निथळत असू शकतं. वागणं पाहा. वाकडी पावलं, असंबद्ध बोलणं, विनाकारण चिडणं, स्वतःचं गाव न आठवणं. असा माणूस दिसला की आधी थंड करा, मग हलवा. पिठ्ठू-बूट उतरवा, सावलीत नेऊन मानेपर्यंत थंड पाण्यात बसवा. हौद असेल तर हौदात. नसेल तर बादल्या ओता, ओली चादर टाका, वारा घाला, आणि तेव्हाच १०८ ला फोन. रिक्षा शोधण्यात घालवलेली पहिली वीस मिनिटं मेंदूला सर्वांत महाग पडतात. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नका.

पाणी तहानेनुसार, उन्हात तासाला अर्धा ते पाऊण लिटर. तासामागे दोन-दोन लिटर साधं पाणी ढोसणंही घातक. रक्तातलं मीठ पातळ होऊन उलट्या, डोकेदुखी आणि झटके येतात. मोठ्या चालीत मीठ-साखरेचं पाणी न्या: एक लिटरला सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. खायला गूळ-शेंगदाणे, राजगिऱ्याचे लाडू, दशम्या. चॉकलेट वितळतं.

तळी आणि धरणं सरावासाठी नाहीत. खडकवासला, पानशेत, मुळशी, तिन्ही ठिकाणी काठ अचानक खोल होतो आणि तळाला गाळ असतो. पोहणं तलावात, जीवरक्षकासमोर: आधी दहा मिनिटं हात-पाय मारत एका जागी तरंगणं, मग दोनशे मीटर न थांबता, मग परवानगी घेऊन कपड्यांसकट. श्वास रोखून पाण्याखाली राहण्याचा सराव एकट्याने कधीच नाही. दम कोंडल्याची जाणीव होण्याआधीच शुद्ध जाते आणि वरून पाहणाऱ्याला माणूस पोहतोय असंच वाटतं.

नकाशा आणि दमलेलं डोकं

फोनशिवाय चालता आलं पाहिजे. भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० चा नकाशा घ्या. कात्रज ते सिंहगड रांग ४७ एफ/१५ या जुन्या क्रमांकाच्या पत्रकावर येते, सिंहगड अगदी पश्चिम कडेला. या प्रमाणात दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर आणि समोच्च रेषा वीस-वीस मीटरच्या. सोंड आणि घळ या दोहोंच्या रेषा सारख्याच वाकतात. सोंडेचं टोक उताराकडे, घळीचं चढाकडे. सुरुवातीला सगळे इथेच चुकतात. पुण्यात होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशाचाही फरक नाही, तेवढी सोय आहे.

वेळेचा हिशेब: सपाटीला ताशी पाच किलोमीटर, वर प्रत्येक सहाशे मीटर चढाला एक तास. आतकरवाडी ते गड या हिशेबाने दीड तास. तुमचा स्वतःचा आकडा वहीत ठेवा, बिनवजनाचा आणि वजनाचा वेगळा. पावलंही मोजा; शंभर मीटरला डाव्या पायाची साठ-पासष्ट पावलं पडतात, चढावर त्याहून जास्त.

प्रोबेशनमध्ये झोप तोडतात, भूक लावतात, रगडा (शिक्षेचा व्यायाम) देतात, आणि त्याच अवस्थेत डोकं चालवायला लावतात. झोप मोडण्याचा सराव घरी करून काही मिळत नाही, नुसती झीज होते. त्याऐवजी मोठ्या चालीच्या शेवटी, पिठ्ठू उतरवण्याआधी, दहा मिनिटांचं काम ठेवा: नकाशावरून एखाद्या जागेचा सहा अंकी ग्रिड संदर्भ काढणं, एक मिनिट पाहिलेल्या वीस वस्तू आठवून लिहिणं, वाटेत भेटलेल्या तिसऱ्या माणसाच्या शर्टाचा रंग सांगणं. ताज्या डोक्याने वीसपैकी सतरा येतात. दमून किती येतात ते पाहा, आणि तो आकडा वाढवा.

तोंड

पुण्यात प्रत्येक कट्ट्यावर एक काका असतात, ज्यांचा भाचा ‘स्पेशल फोर्समध्ये’ असतो आणि कुठे पोस्टिंग आहे हेही काकांना ठाऊक असतं. खरंच असलेल्या माणसाच्या घरी एवढंच माहीत असतं, की तो ‘फौजेत आहे’. तुम्हालाही तेवढंच सांगायची सवय आजपासून लावा. तयारीचे फोटो, रोजची धाव, निवड झाल्याची पोस्ट, काहीच टाकू नका. २०१८ मध्ये स्ट्रावा ॲपच्या जागतिक नकाशावर धावणाऱ्या सैनिकांच्या रेषांनी परदेशातले लष्करी तळ उजेडात आले होते, आणि जुलै २०२० मध्ये भारतीय सैन्याने जवानांना फेसबुक, इन्स्टाग्रामसह ८९ ॲप काढून टाकायला सांगितलं. घड्याळ वापरायचं तर खातं खासगी ठेवा आणि दिघी, औंध, खडकी, एनडीए यांच्या कुंपणालगत रेकॉर्डिंग बंद. तिथे ड्रोन उडवणं आणि फाटकाचे फोटो काढणं तर सोडाच.

ओळख नसलेली कुणी मुलगी भरतीनंतर अचानक गोड बोलू लागली आणि तिसऱ्या दिवशी ‘तुमच्या युनिटचा गेट कसा असतो’ विचारू लागली, तर उत्तर देऊ नका, वरिष्ठांना कळवा.

बाजारात मिळणारी चट्ट्यापट्ट्यांची वर्दी, मरून बेरे (टोपी), पॅरा एसएफचा बलिदान बिल्ला घेऊ नका. सैनिक असल्याचा समज व्हावा म्हणून तसा पोशाख घालणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली गुन्हा आहे. आणि सरावाला वर्दी लागत नाही. लांब बाह्यांचा जुना शर्ट आणि मळखाऊ पँट काटेरी झुडपांत जास्त टिकते.

निघण्याआधीचे दहा दिवस

शेवटची मोठी चाल दहा दिवस आधी. नंतर अंतर निम्मं, वजन सहा किलो, वेगाच्या दोन छोट्या धावा, आणि शेवटचे दोन दिवस नुसतं चालणं. ‘एकदा शेवटचं पाहून घेतो’ म्हणून आदल्या रविवारी सिंहगड मारणाऱ्याचा घोटा नेमका तेव्हाच मुरगळतो.

सामानात मोज्यांचे सहा जोड, कागदी टेपचे दोन रोल, पावडर, पोव्हिडोन आयोडीन, सुई, नखं कापायचं यंत्र, नाड्यांचा एक जादा जोड. नाड्या आधी दोन चालींत वापरून घ्या. नव्या नाडीची गाठ ओली झाली की सुटते.

बूट ट्रेनमध्ये बॅगेत टाकू नका, पायात घाला. बॅग चोरीला गेली तर बाकी सगळं तिथे विकत मिळेल, नऊ महिने पायाला बसवलेले बूट मिळणार नाहीत.